जंजिरा गाठला, पण पाहिला का?

पावसाळा सरला, समुद्र शांत झाला आणि राजापुरीच्या नावा पुन्हा सुरू झाल्या की कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर पट्ट्यातल्या पोरांच्या बाइक मुरूडच्या दिशेने वळतात. कधी जोडून आलेली सुट्टी, कधी बासी ईद, कधी नुसताच रविवार. दहा-पंधरा गाड्यांचा ताफा निघतो आणि रात्री उशिरा परत येतो. जाताना दोन निमित्तं असतात. एक म्हणजे अलिबागकडच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत होणाऱ्या बैलगाड्यांच्या शर्यती. दुसरं म्हणजे जंजिरा.

बैलगाडी शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून किनाऱ्यावर पुन्हा गर्दी जमू लागली. शर्यत गावची असते, बैल शेतकऱ्याचे असतात, त्यात वर्षभराची मेहनत असते. ती बघायला पोरं गेली तर त्यात वावगं काही नाही.

वावगं आहे ती तिसरी शर्यत. तिची जाहिरात नसते, तिला न्यायालयाची परवानगी नसते आणि तिचा निकाल कधी कधी सरकारी दवाखान्यात लागतो. ही आपल्या पोरांची आपापसातली शर्यत. खोपोलीहून निघून मुरूड किती वेळात गाठलं? पेणच्या पुढे कोण मागे पडलं? रेवदंड्याच्या पुलावर काटा कुठवर गेला? घरी परतल्यावर मोबाइलमध्ये काय असतं? पाठीमागे किल्ला असलेले चार फोटो, कर्कश गाण्यावरची एक रील आणि वेळेचा हिशेब. किल्ल्यावर काय पाहिलं असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: मोठ्या तोफा आहेत.

माझं म्हणणं इतकंच, की बेट गाठणं आणि बेट पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी पेट्रोल पुरतं. दुसरीसाठी थांबावं लागतं.

शर्यतीला मनाई नाही

हे वाचून कुणी असं समजू नये, की हा मौलवीछाप उपदेश आहे आणि तरुणांनी घरात तसबीह घेऊन बसावं. इस्लामने शर्यतीला मनाई केलेली नाही. पैगंबरांच्या काळात मदिनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या जात, त्यासाठी अंतर ठरवून दिलेलं असे, याच्या नोंदी हदीसमध्ये आहेत. स्वतः पैगंबर हजरत आयशांबरोबर धावण्याची शर्यत लावत, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मनाई आहे ती जुगाराला आणि जीव धोक्यात घालण्याला.

कुरआनात लुकमान आपल्या मुलाला जी नसीहत करतात, ती बाइकवाल्या प्रत्येक पोराने एकदा वाचावी. चाल मध्यम ठेव, आवाज खाली ठेव, कारण सगळ्यात वाईट आवाज गाढवाचा, असा तिचा आशय आहे. सायलेन्सर बदलून, फटाके फोडत मशिदीसमोरून, देवळासमोरून, शाळेसमोरून जाणाऱ्यांना आणखी वेगळा फतवा कशाला हवा? त्याच कुरआनात पुन्हा पुन्हा सांगितलं आहे, की जमिनीवर फिरा आणि आधी होऊन गेलेल्यांचं काय झालं ते पाहा. म्हणजे फिरणं ही नुसती मौज नाही, ते शिकणं आहे. आपण त्यातलं फिरणं तेवढं घेतलं आणि पाहणं सोडून दिलं.

आइल ऑफ मॅन आणि माथेरान

बाइकवेड्या पोरांना आइल ऑफ मॅनचं नाव सांगावं लागत नाही. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रातलं हे छोटं बेट. तिथली टीटी शर्यत १९०७ साली सुरू झाली. डोंगरातून जाणाऱ्या तिच्या मार्गाची एक फेरी सुमारे साठ किलोमीटरची. रस्ता रोजच्या वापरातला, कडेला घरं, भिंती, विजेचे खांब. त्या मार्गावर आजवर अडीचशेहून जास्त स्वारांचा जीव गेला आहे. शर्यतीच्या मधल्या रविवारी बघायला आलेले लोकच आपल्या गाड्या त्या मार्गावर पळवत आणि त्या दिवसाचं नावच ‘मॅड संडे’ पडलं. अपघात वाढले तेव्हा डोंगरातला रस्ता त्या काळापुरता एकदिशा करावा लागला. तयारीने उतरणारा स्वार वेगळा आणि त्याला पाहून चेव आलेला प्रेक्षक वेगळा, हे तिथेही शिकावं लागलं.

पण त्या बेटावर शर्यतीपलीकडेही बरंच आहे. लॅक्सी गावात खाणीतलं पाणी उपसण्यासाठी १८५४ साली बांधलेलं प्रचंड पाणचाक आजही उभं आहे. मँक्स ही तिथली जुनी भाषा. ती मातृभाषा म्हणून बोलणारा शेवटचा माणूस, नेड मॅड्रेल, १९७४ साली वारला. २००९ मध्ये युनेस्कोने ती भाषा मृत म्हणून नोंदवली, तेव्हा तिथल्या शाळेतल्या मुलांनी त्याच भाषेत पत्रं लिहून विचारलं, की भाषा मेली असेल तर आम्ही हे कशात लिहितोय? युनेस्कोला नोंद बदलावी लागली. टीटीची रील शंभर वेळा पाहणाऱ्या किती जणांना ही गोष्ट माहीत आहे?

ज्या १९०७ साली टीटी सुरू झाली, त्याच साली आपल्या नेरळहून माथेरानची गाडी धावू लागली. ती बांधणारे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय हे मुंबईच्या नामांकित बोहरी घराण्यातले. डोंगराला वळसे घालत सुमारे वीस किलोमीटर चढणारी ही गाडी कुठेही घाईत नसते. माथेरान तर गाड्यांच्या बाबतीत बेटच आहे. कितीही महागडी बाइक असो, ती दस्तुरीला उभी करावी लागते आणि पुढे पायी जावं लागतं. म्हणूनच तिथे जाणाऱ्याला झाडं दिसतात, माकडं दिसतात, लाल माती दिसते. वेग काढून घेतला की माणूस पाहायला लागतो, याचा पुरावा आपल्या डोक्यावरच्या डोंगरात आहे.

आपण यजमानही आहोत

कर्जत-खालापूरवाल्यांना पर्यटकांचा त्रास नवा नाही. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून गाड्यांची रांग लागते. धबधब्याखाली दारूच्या बाटल्या, शेतातून गाड्या, रात्रभर कर्णे. दुर्घटना होतात आणि मग प्रशासनाला धबधब्यांवर बंदीचे आदेश काढावे लागतात. आपण नाक्यावर बसून बोटं मोडतो: यांना आमचं गाव म्हणजे नुसता धबधबा वाटतो.

ती तक्रार खरी आहे. या लोकांना कोंढाण्याच्या लेण्या ठाऊक नसतात. माथेरानला जन्मलेले भाई कोतवाल आझाद दस्ता उभा करून इंग्रजांशी लढले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह हुतात्मा झाले, हे ठाऊक नसतं. जुलै २०२३ च्या त्या रात्री इर्शाळगडाखालची ठाकरांची वाडी डोंगराने गिळली, तिथे सेल्फी काढायची नसते, एवढंही काहींना कळत नाही.

पण मग आपण मुरूडला जाऊन वेगळं काय करतो? तिथल्या माणसाला आपला ताफा कसा दिसत असेल? मुंबईच्या बाइकवाल्याला आपल्या गावात जी तमीज शिकवावीशी वाटते, ती आपल्या गाडीवर बसून काशीदच्या वळणावर जाते का, हा प्रश्न आहे. समुद्राचंही तेच. २०१६ च्या फेब्रुवारीत पुण्याहून सहलीला आलेली १४ कॉलेजची मुलं मुरूडच्या समुद्रात बुडाली. त्यांतली बरीच आपल्याच समाजातली होती. ओहोटीच्या वेळी आत जाऊ नका असं कोळी सांगतो तेव्हा तो आपली मजा मारायला आलेला नसतो.

रस्त्यात काय काय सुटतं

आता जरा रस्ता पाहू. खोपोलीहून पेणकडे जाताना वाकडी वाट करून गागोद्याला जाता येतं. हे विनोबा भाव्यांचं जन्मगाव, साल १८९५. विनोबांनी कुरआन मुळातून वाचता यावा म्हणून अरबी शिकून घेतली आणि त्यातल्या आयतींची विषयवार निवड करून ‘कुराण-सार’ तयार केलं. आपल्या शेजारच्या तालुक्यात जन्मलेल्या एका ब्राह्मण माणसाने कुरआनासाठी एवढी मेहनत घेतली. आपल्यातल्या किती जणांनी गीता सोडा, कुरआनचा मराठी अनुवाद तरी उघडून पाहिला?

पुढे अलिबाग. तिथे बेने इस्रायलींचं सिनेगॉग आहे. शतकानुशतकं कोकणात राहून तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले मराठी यहुदी. त्यांचे पूर्वज जहाज फुटून ज्या किनाऱ्याला लागले असं ते मानतात, ते नवगाव इथून जवळच. यहुदी म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यासमोर फक्त टीव्हीवरचं युद्ध येतं, त्यांनी हे दार जरूर पाहावं. आपल्या आजोबांचे शेजारी मराठी बोलणारे यहुदी होते.

मग चौल-रेवदंडा. अल-मसूदी हा अरब प्रवासी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला, इसवी सन ९१६ च्या सुमारास, सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे हेच चौल असं अभ्यासक मानतात. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. राजा हिंदू होता, आणि मुसलमानांचे आपसातले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे. त्याला ‘हुनरमन’ म्हणत. म्हणजे गझनीच्या महमूदाच्या स्वाऱ्यांच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी या किनाऱ्यावर मुसलमान नांदत होते, व्यापार करत होते, इथेच लग्नं करत होते. ‘तुम्ही बाहेरून तलवार घेऊन आलात’ असं कुणी तोंडावर फेकलं तर भांडायची गरज नाही. त्याला चौलला घेऊन जावं. पुढे पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा विकायला घेऊन याच बंदरात उतरला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. बाइक त्याच्या जवळून जाते, थांबत नाही.

खाडीचा पूल ओलांडला की कोर्लई. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली घरात बोलली जाते. पोर्तुगीजांनी हा भाग सोडून पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, पण मोजक्या लोकांनी ती जिवंत ठेवली. हे ऐकून आपल्याकडच्या कोकणी मुसलमानांच्या बोलीची आठवण होते. घरातली म्हातारी माणसं ती बोलतात, पोरांना लाज वाटते, मदरशात उर्दू आणि शाळेत इंग्रजी. मँक्स मुलांनी युनेस्कोला पत्र लिहिलं. आपली मुलं आपल्या बोलीत कुणाला काय लिहितील?

काशीद ओलांडल्यावर डाव्या हाताला फणसाडचं जंगल. एके काळी ते नवाबाचं शिकारीचं रान होतं, १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथे शेकरू आहे. पण तो गाडीच्या आवाजाला दिसत नाही.

जंजिरा कुणाचा?

आणि शेवटी जंजिरा. अरबीतल्या ‘जझीरा’ म्हणजे बेट या शब्दावरून नाव पडलं. या खडकावर आधी कोळ्यांचा मेढेकोट होता असं सांगितलं जातं. मग निजामशाही आली, मग हबशी सिद्दी. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत सत्ता त्यांच्याकडे होती. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, चारी बाजूंना खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचे दोन तलाव. कलालबांगडीसमोर फोटो काढून झाला की पोरांची सहल संपते. तलावाच्या काठी पाच मिनिटं उभं राहून हे पाणी इथे कसं टिकतं, असा प्रश्न कुणी विचारत नाही.

फोटोबरोबर स्टेटसला जे शब्द जातात, खरी काळजी त्यांची आहे. एकीकडे आपली पोरं ‘अजिंक्य’ लिहून जणू सिद्दी हे त्यांचे सख्खे काका असल्यासारखी छाती फुगवतात. दुसरीकडे कुणीतरी त्याच फोटोखाली ‘गद्दारांचा किल्ला’ असं लिहितो. मग शिव्या, मग स्क्रीनशॉट, मग पोलीस ठाणं. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलं. ज्यांनी आग लावली ते मोकळे राहतात. दुकानं जळतात ती भाजीवाल्याची आणि गॅरेजवाल्याची.

दोन्ही बाजूंनी इतिहास वाचलेला नसतो. सिद्दींच्या आरमाराने कोकणातली गावं लुटली, माणसं पकडून नेली. हे खरं आहे आणि ते लपवण्याचं आपल्याला काही कारण नाही. ज्या हबश्यांना स्वतः गुलाम म्हणून विकलं गेलं होतं, त्यांच्याच वंशजांनी हे केलं. आणि त्याच हबश्यांत मलिक अंबरही होता. इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद त्याने वसवलं, त्याला पाणी आणलं आणि मोगलांना वर्षानुवर्षं दख्खनेत शिरू दिलं नाही.

शिवाजी महाराजांनी सिद्दीला शह देण्यासाठी पद्मदुर्ग बांधला. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी समुद्रात भराव घालून जंजिऱ्याला भिडण्याचा प्रयत्न केला. हा झगडा हिंदू-मुसलमानांचा होता असं म्हणणाऱ्याला दोन नावं सांगा. महाराजांच्या आरमाराचा सरदार दौलतखान, जो याच सिद्दीविरुद्ध समुद्रात लढला. आणि सिद्दी हिलाल, स्वतः हबशी असून महाराजांच्या फौजेत लढणारा. उलट बाजूला महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे वडील जंजिऱ्याच्या सिद्दीकडे चाकरीला होते. झगडा होता तो समुद्रावरच्या सत्तेचा, बंदरांचा, जकातीचा.

आपल्या खालापुरातच उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी तिथे महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाला कोंडीत पकडून शरण यायला लावलं. त्या मोगल फौजेत रायबागन ही हिंदू स्त्री सरदार होती. चावणी गावाजवळ स्मारक आहे, खोपोलीपासून हाकेच्या अंतरावर. दर सुट्टीत जंजिऱ्याला जाणाऱ्यांपैकी किती जण तिथे गेले आहेत? मुसलमान पोराने उंबरखिंडीत अभिमानाने उभं राहायला काहीच हरकत नाही. ती आपल्या तालुक्यातली, आपल्या रानातली लढाई आहे.

गाडीच्या कागदांवर जिल्ह्याचं नाव रायगड असं छापलेलं असतं. ते नाव १९८१ साली आलं, त्याआधी हा कुलाबा जिल्हा होता. तेव्हा मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले, याच जिल्ह्यातल्या आंबेतचे. एका कोकणी मुसलमान मुख्यमंत्र्याच्या काळात जिल्ह्याला शिवाजी महाराजांच्या राजधानीचं नाव मिळालं. आपला वारसा हा असा, गुंतलेला आणि सगळ्यांचा. तो ‘अजिंक्य’ या एका शब्दात मावत नाही आणि ‘गद्दार’ या एका शब्दातही नाही.

मग करायचं काय?

जाऊ नका असं मी म्हणत नाही. उलट जास्त वेळा जा. एका दिवसाऐवजी दोन दिवस काढा. फजरनंतर निघा, उजेडात परता. हेल्मेट चालवणाऱ्यालाही आणि मागे बसणाऱ्यालाही. सायलेन्सर कंपनीने दिलेलाच ठेवा. ताफ्यात सगळ्यात हळू चालवणारा पुढे असू द्या, म्हणजे शर्यत आपोआप संपते. रात्र मुरूडमध्ये कुणाच्या तरी घरगुती खानावळीत काढा. रेसॉर्टवाल्यापेक्षा तो जास्त सांगेल.

किल्ल्यावरून परतल्यावर राजापुरीजवळच्या खोकरीला जा. तिथे सिरूलखान, याकूतखान आणि खैरियतखान या सिद्दी सरदारांच्या दगडी कबरी आहेत, अरबी लेख आहेत. अरबी वाचता येणारी पोरं आपल्यात कमी नाहीत. त्या अक्षरांवर बोट फिरवून ती वाचायचा प्रयत्न करा. फातिहा पढा. ज्यांच्या नावाने आपण स्टेटस ठेवतो, त्यांची कबर कुठे आहे हे तरी माहीत असावं.

आणि एकदा तरी ताफ्यात मित्रांबरोबर आई-बहिणींनाही न्या. बाइकवर जमत नसेल तर गाडी ठरवा, एसटी आहे. आपल्या भागात अशा कितीतरी अम्मी आणि नानी आहेत, ज्यांची मुलं पाच-सहा वेळा जंजिऱ्याला जाऊन आली, पण त्यांनी स्वतः तो फक्त मोबाइलवर पाहिला. त्यांना नावेतून हात धरून उतरवताना, तलावाकाठी बसवताना कुणालाही घाई करता येणार नाही. किल्ला आपोआप पाहून होईल.